चिकणमातीवरचा डांबरी ड्राइव्हवे: भेगा भराव्यात, थर चढवावा की उखडून नव्यानं करावा?

फाटकापासून घरापर्यंतच्या डांबरी वाटेला भेगा पडू लागल्या की तीन तऱ्हेचे सल्ले कानावर येतात. एक जण म्हणतो, वरून सीलकोट, म्हणजे काळा पातळ लेप मारा, नव्यासारखी काळी होईल. दुसरा म्हणतो, सगळं उखडून काढा. तिसरा सुचवतो, जुन्यावरच दीड-दोन इंचांचा नवा थर चढवा. बहुतेकांना हा तिसरा मार्ग पटतो, कारण खर्च मधला आणि दिसायला काम मोठं. पण खाली चिकणमाती असेल आणि हवा वर्षातले बरेच महिने दमट असेल, तर फसण्याची शक्यता सगळ्यात जास्त याच मार्गात असते. माझं हे मत ठाम आहे.

आधी माती आणि भेग, दोन्ही ओळखा

ड्राइव्हवेच्या कडेची मूठभर माती घ्या. खडे वेचून टाका, थोडं पाणी लावून मळा आणि सपाट फरशीवर बोटांनी तिची वात वळा. 3 मिलिमीटर जाडीपर्यंत वात न तुटता वळली, तर माती चिकण आहे. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही लवचीकपणाची मर्यादा याच जाडीच्या वातीवर ठरवतात. आता कोरड्या दिवसांत तीच जमीन बघा. तिला बोट जाईल एवढ्या फटी पडत असतील, तर ती नुसती चिकण नाही, फुगणारी आहे. अशा मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. केओलिनाइटची मातीही चिकणच असते, पण ती त्या मानानं फार कमी फुगते. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

ही माती सगळीकडे सारखी फुगली असती तर एवढा त्रास झाला नसता. डांबराखाली मधोमध ओलावा जवळपास कायम राहतो. कडेची माती मात्र पावसात भिजते आणि उन्हात वाळते. त्यामुळे कड वर-खाली होत राहते आणि कडेला समांतर, हात-दीड हात आत एक लांब भेग पडते. जवळ मोठं झाड असेल तर त्याची मुळं ओलावा ओढतात आणि ती भेग रुंदावते. ही पहिली जात.

दुसरी जात जास्त वाईट. भिजलेल्या चिकणमातीत ताकद उरत नाही. गाडीचं चाक गेलं की खडीचा थर दबतो, खडी चिखलात रुतते आणि चिखल खडीच्या फटींतून वर येतो. डांबराचा थर मुळात तीन इंचांच्या आसपासचा, तो पुन्हा पुन्हा वाकून तळातून तुटतो. वर त्याचं जाळं दिसतं, मगरीच्या पाठीसारखं. जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरानं वाकून बघा. भेगांच्या ओठांवर मातकट रंगाची बारीक साय जमलेली दिसली, किंवा कुणी हळू गाडी नेताना भेगेतून गढूळ पाणी वर आलं, तर तळ गेला आहे. तिथे वरून काहीही लावलं तरी ते रोग रेड्याला नि औषध पखालीला यातलं.

पाण्याची वाट: हा पर्याय नाही, ही अट आहे

पुढच्या कुठल्याही कामाआधी पाणी वळवा. छपराचा पाइप ड्राइव्हवेच्या कडेला सुटत असेल तर तो लांब न्या. पृष्ठभागाला मीटरमागे निदान 2 सेंटिमीटर उतार हवा. कडेची माती डांबरापेक्षा थोडी खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती हवी. गवत वाढून, गाळ साचून ती हळूहळू वर येते आणि पाणी डांबरावरच अडवते. फावड्यानं ती खरवडून काढायला एक सकाळ पुरते, आणि या संपूर्ण यादीत सगळ्यात स्वस्त काम हेच आहे.

वरच्या अंगानं पाणी येत असेल तर चर खणून, कापड अंथरून, त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी घालतात. चिकणमातीत याची एक अट आहे: पाइपाचं दुसरं टोक खालच्या पातळीवर उघडं हवं. तसं नसेल तर चरात पाणी भरून राहतं, कारण ही माती ते पिऊन टाकत नाही. मग तुम्ही ड्राइव्हवेच्या कुशीत स्वतःच्या हातानं टाकी बांधलेली असते.

भेगा भरणं: गरम की थंड?

तळ शाबूत असेल तर सगळ्यात जास्त परतावा याच कामात आहे. साधारण 3 मिलिमीटरपासून बोटभर रुंदीपर्यंतच्या भेगा भरता येतात. त्याहून बारीक भेगांत मसाला उतरतच नाही, आणि जाळीदार भेगा भरण्यात अर्थ नाही.

गरम मसाला म्हणजे रबर मिसळलेलं डांबर. ते 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ओततात. निवल्यावर ते रबरासारखं ताणलं जातं, म्हणून वर-खाली होणाऱ्या कडेच्या भेगेसाठी तेच योग्य. अडचण अशी की त्याला भट्टी लागते, ते अंगावर उडालं तर खोल भाजतं, आणि भेगेत ओल राहिली असेल तर वाफ होऊन बुडबुडे येतात. थंड मसाला बाटलीतून थेट ओतता येतो. पण तो इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर असतो. त्यातलं पाणी उडालं की तो बसतो आणि आक्रसतो, म्हणून दुसऱ्यांदा भरावाच लागतो. कोरड्या हवेत जो एका दिवसात वाळला असता तो दमट हवेत दोन-तीन दिवस घेतो. रात्रीचं दंव पडायच्या आत त्याला पुरेसं ऊन मिळावं म्हणून सकाळी पृष्ठभाग सुकताच सुरुवात करायची आणि दुपारपर्यंत आटपायचं.

लहान, स्थिर भेगांना थंड चालतो. कडेच्या लांब भेगेला गरमच. आणि दोन्हींत खरा फरक साफसफाईनं पडतो. गवताची मुळं उपटा, तारेच्या ब्रशनं कडा घासा, हवेच्या झोतानं धूळ काढा. खोल भेगेत वरून दीड सेंटिमीटर जागा सोडून कोरडी वाळू किंवा फोमची दोरी घाला, नाहीतर सगळा मसाला खाली निघून जातो.

वेळेबद्दल फार थोडे जण बोलतात, पण चिकणमातीवर काम टिकणं यावरच ठरतं. ऐन कोरड्या दिवसांत भेग सगळ्यात रुंद असते. तेव्हा काठोकाठ भरलीत, तर माती फुगल्यावर मसाला वर ढकलला जाऊन त्याची वरंबी तयार होते. ओल्या मोसमात भेग मिटलेली असताना भरलीत, तर पुढच्या उन्हाळ्यात मसाला एका कडेपासून सुटतो. पाऊस संपून पृष्ठभाग सुकलाय पण जमीन अजून तडकलेली नाही, ते आठवडे धरा.

सीलकोट: ऊन-पाण्यापासून आडोसा, ताकद नाही

सीलकोट डांबराला उन्हापासून, सांडलेल्या तेलापासून आणि पृष्ठभागावरच्या पाण्यापासून वाचवतो. तो तळाला काडीचाही आधार देत नाही. नव्या डांबराला निदान सहा महिने तरी तो लावू नये; पुढे तीन ते पाच वर्षांतून एकदा पुरतो. दरवर्षी लावणाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर जाड पापुद्रा साचतो आणि तोच तडकायला लागतो. दमट हवेत एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, तापमान 10 अंशांच्या वर असू द्या आणि पुढचा पूर्ण दिवस पावसाचा नको. झाडाच्या सावलीतला, शेवाळलेला भाग आधी घासून पूर्ण वाळवा. ओलीवर लावलेला थर सालपटासारखा निघतो.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना डांबरच म्हणतो, आणि इथे तो घोळ महागात पडतो. एक बिटुमेन, म्हणजे खनिज तेलातून निघणारं. दुसरं दगडी कोळशापासूनचं, म्हणजे कोलतार. कोलतारचा सीलकोट तेलाला जास्त दाद देत नाही हे खरं, पण त्यात कर्करोगाशी संबंध असलेली पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स बिटुमेनच्या सीलकोटपेक्षा सुमारे हजार पट असतात, असं अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला आढळलं. झिजलेली धूळ पावसाबरोबर ओढ्यात जाते आणि पायांबरोबर घरात येते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 2006 पासून आणि वॉशिंग्टन राज्यात 2011 च्या कायद्यानं कोलतारच्या सीलकोटवर बंदी आली. डब्यावर कोलतार लिहिलेलं असेल तर घेऊ नका. मुलं जिथे अनवाणी खेळतात तिथे हा वाद घालायचीही गरज नाही.

खड्डे: कोल्ड मिक्स की हॉट मिक्स?

एक-दोन खड्ड्यांसाठी पिशवीतलं कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता वापरायचं खडी-डांबराचं मिश्रण व्यवहार्य आहे. पण साध्या कोल्ड मिक्समधला द्रावक उडून जावा लागतो आणि दमट हवेत ते कित्येक आठवडे मऊ राहतं. गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग फिरवलंत की ते उचकटतं. पॉलिमर घातलेलं त्यापेक्षा बरं. हॉट मिक्स, म्हणजे तेच मिश्रण गरम असताना घातलेलं, जास्त टिकतं, मात्र ते 80 अंशांच्या खाली उतरायच्या आत दाबून व्हावं लागतं. थोडा माल झपाट्यानं निवतो, म्हणून चार-पाच ठिगळं एकदम करायची असतील तेव्हाच ते बोलवावं.

माल कुठलाही असो, खड्ड्याच्या कडा उभ्या कापा, सैल सगळं काढा आणि तळाशी चिखल असेल तर घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. खणलेली माती परत घालू नका, फोडलेली खडी घाला आणि धुम्मसानं ठोका. वर दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थर वेगळा दाबलेला.

नवा थर चढवणं: कधी चालतं, कधी नाही

डांबर जुनं होऊन करडं पडलंय, वरची खडी सुटतेय, पण जाळं कुठेच नाही, पाणी वाहून जातंय आणि तळ पक्का आहे, अशा ठिकाणी दीड ते दोन इंचांचा थर चांगला आहे. आधी भेगा भरायच्या, टॅक कोट, म्हणजे जुना-नवा थर चिकटवणारा पातळ डांबरी हात मारायचा, मग थर.

पण चिकणमातीवर बहुतेक लोक थराकडे वळतात ते जाळं दिसल्यावर. खालची भेग दर मोसमाला उघडते आणि मिटते, त्यामुळे ती वरच्या थरात जशीच्या तशी उमटते. वर्षाला साधारण एक इंच वर चढते असा या धंद्यातला ढोबळ आडाखा आहे. म्हणजे दोन इंचांची किंमत दोन वर्षं. शिवाय पातळी वाढते. गॅरेजच्या उंबऱ्याशी ते दोन इंच पाणी आत लोटायला पुरेसे असतात. कंत्राटदार जाळीदार भागाकडे न बघता सरसकट थराचा भाव सांगत असेल, तर त्याला विचारा: जाळं पडलेला भाग तेवढाच कापून, तळापासून भरून मग थर देणार का? हो म्हणाला तर बोलणं पुढे न्या. एकूण क्षेत्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त जाळं असेल, तर मी थराचा विचार सोडून देईन.

उखडून नव्यानं

सगळ्यात खर्चिक, आणि तळ गेलेला असेल तर दर वर्षाच्या हिशेबानं बहुधा स्वस्तच. मात्र वरचं डांबर तेवढं नवं करणार असाल तर ते उखडणं वाया गेलं. पैसा जमिनीखाली जायला हवा. मऊ माती काढा. उरलेली फुगणारी असेल तर तिच्यात वजनाच्या 3 ते 6 टक्के चुना मिसळून ती स्थिर करता येते; पण मातीत सल्फेट जास्त असेल तर चुन्यानं ती उलट उचलली जाते, म्हणून आधी माती तपासून घ्या. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे चिखल आणि खडी एकमेकांत शिरत नाहीत. हे कापड गाळायला सांगून पैसे वाचवणारे भेटतात. चिकणमातीवर ते गाळू देऊ नका. मग आठ ते बारा इंच फोडलेली खडी, थराथरानं दाबून आणि डांबराच्या कडेच्या बाहेर हातभर पसरून, म्हणजे कडेला आधार राहतो. शेवटी दोन थरांत तीन इंच डांबर.

डांबराची गाडी बोलवायच्या आदल्या दिवशी खडीच्या तळावरून भरलेला ट्रक सावकाश न्यायला सांगा आणि चाकाच्या शेजारी उभे राहून बघा. चाकाखाली तळ लचकला, चाकापुढे लाट उठली, तर तेवढा भाग पुन्हा खणून भरायला लावा. दुसऱ्या दिवशी त्यावर डांबर पडलं की तो लचका पुढचा पाऊस येईपर्यंत कुणाच्याच नजरेला पडणार नाही.