ओआरएस पाकीट, संत्रा फ्लेवर: चवीला ३ स्टार, कामाला ५

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पिण्याच्या लाईनीत गटाराचं पाणी मिसळलं आणि दोन दिवसांत सासऱ्यांना जुलाब सुरू झाले, आधी वाटलं भजी बाधली. पण पोटात कळ नाही, ताप नाही, नुसतं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढरट पाणी, तेही पहाटेपर्यंत दहा-बारा वेळा. बोटं धुणं धुऊन उठल्यासारखी सुरकुतलेली, आणि हाताला चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी! नंतर टेस्टमध्ये कॉलरा निघाला, म्हणजे जुनी माणसं जिला पटकी म्हणायची तीच. उजाडल्यावर सलाईन लागलंच, पण तोवर रात्रभर तग धरला तो घरात पडून असलेल्या या वीस-बावीस रुपयांच्या पाकिटांवर.

इथे बऱ्याच जणांनी "जुलाब थांबले नाहीत" म्हणून १ स्टार दिलाय. अहो ते थांबवायला नाहीच आहे! कॉलराचा जंतू आतडं कुरतडत वगैरे नाही, तो आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो, ते विष पेशीत शिरलं की क्लोराइड बाहेर सोडणारा नळ उघडाच अडकतो, मग क्लोराइडच्या मागे सोडियम आणि त्यामागे अंगातलं पाणी, जोरात असेल तर तासाला लिटरभरसुद्धा जातं. माणूस जातो तो या पाणी आटण्याने. हे विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं, आपल्याकडे किती जणांना नाव माहितीये देव जाणे.

आता पाकिटाची गंमत. ते विष बाहेर सोडणारा नळ उघडतं, पण आत घेणारं एक दार त्याला बंद करता येत नाही, आणि त्या दारातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, आणि साखर चवीसाठी घातलेली नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममधून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३ च्या आसपास आलं.

घेताना मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा, लिटरला २०.५ ग्रॅम, त्यात ग्लुकोज १३.५ आणि मीठ २.६. रंगीत टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही, जास्त साखरेने उलट जुलाब वाढतात. २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा ड्रिंकवर ओआरएस शब्द छापायला बंदी केली, बरं झालं.

तक्रार एकच. "१ लिटर पाण्यात" हे इतक्या बारीक अक्षरात छापलंय की रात्री दोनला चष्म्याशिवाय आमच्या ह्यांनी अख्खं पाकीट एका ग्लासात ओतलं! मी चव घेतली म्हणून कळलं, खारट ढाण. नीट बनवलं तर अश्रूंपेक्षा जास्त खारट लागता कामा नये. आता पाकिटं आणली की आधी मार्करने वर मोठ्ठं १ लिटर लिहून ठेवते. सासऱ्यांचं म्हणणं, पुढच्या वेळी लिंबू फ्लेवर आण, संत्रा म्हणजे कफ सिरप.