लिबरऑफिस कॅल्क: सोसायटीचा हिशेब आणि तो मेला अपॉस्ट्रॉफी

मार्चअखेरचा मेंटेनन्सचा जमा आकडा पासबुकाशी जुळेना, म्हणून हे लिहायला घेतलंय. कॅल्क म्हणजे एक्सेलसारखंच, पण फुकट मिळणारं स्प्रेडशीट; याहून जास्त ओळख करून देत नाही.

आमची मुलुंडची सोसायटी लहान. दरवर्षी एक्सेलची वर्गणी भरायला कमिटी तयार नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आधी पाण्याच्या पंपाची दुरुस्ती. म्हणून खजिनदार झाल्यापासून सगळं कॅल्कवर. जुन्या लॅपटॉपवर मुकाट चालतं आणि आकड्यांना लाखाप्रमाणे, म्हणजे १२,३४,५६७ असे स्वल्पविराम देता येतात. इथवर मी खूश होते.

मग बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) उघडून रकमा जमेच्या रकान्यात टाकल्या. बेरीज आली, पण कमी. एरर नाही, लाल खूण नाही. रोख आणि चेकचे मी हाताने टाकलेले आकडे धरले गेले होते, बँकेतून आलेले नाहीत. सेलमध्ये २८५०.०० दिसतंय, पण डावीकडे चिकटलेलं. सेलवर क्लिक केलं की वरच्या फॉर्म्युल्याच्या पट्टीत '२८५०.००. पुढे तो अपॉस्ट्रॉफी! म्हणजे कॅल्कच्या लेखी ती रक्कम नव्हे, मजकूर. आणि बेरीज करणारं सम फंक्शन रकान्यातला मजकूर गुपचूप वगळतं. तेच दोन सेल अधिकचं चिन्ह देऊन मिळवले, तर दशांश चिन्हामुळे कॅल्क थेट व्हॅल्यूची एरर देतं. मला ती एरर शंभर पटीने बरी वाटते. पैशाच्या हिशेबात गप्प बसून कमी आकडा दाखवणं चालत नाही.

फाइंडमध्ये अपॉस्ट्रॉफी शोधलात तर सापडणार नाही, कारण तो सेलच्या मजकुरात नसतोच, फक्त खूण म्हणून दिसतो. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे १९८३ पासून, मजकुराआधी ही खूण टाकायची पद्धत होती. ती अजून आपल्या मानगुटीवर आहे. सेलचं फॉरमॅट नंबर केलं तरी ती जात नाही.

जातं ते असं. रकाना निवडा, कंट्रोल+एम दाबून फॉरमॅट साफ करा, मग डेटा मेन्यूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडून नुसतं ओके. बरेच रकाने असतील तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन्स (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करा, शोधायच्या जागी ^. आणि बदलायच्या जागी & टाका, रिप्लेस ऑल. आकडे टपाटप उजवीकडे सरकतात. ते बघून जिवात जीव आला.

इथवर माझा सगळा राग कॅल्कवर होता. मग सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली. बँकेने प्रत्येक रक्कम अवतरणचिन्हांत घालून दिलीय! शाखेत विचारलं तर उत्तर, "मॅडम, सिस्टीममधून तशीच येते." उघडताना येणाऱ्या खिडकीत 'फॉरमॅट कोटेड फील्ड अ‍ॅज टेक्स्ट' वर टिक असेल तर कॅल्क त्याला मजकूरच समजणार, त्यात त्याचा दोष नाही. टिक काढा, अर्धं काम तिथेच संपतं. गप्प बसणाऱ्या बेरजेबद्दलची तक्रार मात्र मी मागे घेत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फॉर्म्युले चिकटवणाऱ्यांनी अवतरणचिन्हंही बघावीत. भाडेकरू असलेल्या फ्लॅटला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावणारा आमच्या सेक्रेटरींचा फॉर्म्युला केवळ वाकड्या अवतरणचिन्हांमुळे चालत नव्हता. सरळ चिन्हं टाईप केली, चालला.

कंट्रोल+एफ८ दाबलं की मजकूर काळा, आकडे निळे आणि फॉर्म्युले हिरवे दिसतात. हे आधीपासून चालू का नसतं, कळत नाही. आता मी प्रत्येक रकान्याखाली काउंट आणि काउंटए शेजारी शेजारी ठेवते. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल. शीर्षक सोडून दोन्ही सारखे आले, तरच बेरीज ऑडिटरकडे जाते.