देसूरच्या वाटेवरचे श्वानघर

चिंगी ही आमची मुधोळ जातीची कुत्री. १४ महिन्यांची होईपर्यंत तिने बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घराची पाच फुटी भिंत दोनदा ओलांडली होती आणि एकदा चार दिवस कडकडीत उपवास केला होता. भिंतीचे श्रेय तिच्या लांब पायांना जाते. उपवासाचा दोष मात्र आमच्याकडे येतो. मागच्या हिवाळ्यात पुण्याला जाताना आम्ही तिला एका सांभाळकेंद्रात सकाळी सात वाजता नेऊन सोडले, दारातच पाठ फिरवली आणि गाडी पकडली. परत आलो तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. मुधोळच्या कुत्र्याच्या बरगड्या एरवीही थोड्या दिसतातच, असे तिथल्या माणसाने सांगितले आणि ते खोटेही नव्हते; पण त्या अनुभवानंतर मे महिन्यातल्या लग्नासाठी आम्ही दुसरी जागा शोधू लागलो, आणि शोधता शोधता खानापूर रस्त्यावरच्या या श्वानघराशी पोहोचलो.

पिरनवाडी आणि मच्छे मागे टाकून देसूरकडे वळले की उसाच्या एका फडाला लागून ही जागा आहे. तिला पाटी नाही. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधून, म्हणजे घोडे, खेचरे आणि कुत्री सांभाळणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले एक सुभेदार आपल्या वाटणीच्या सव्वा एकरात ती चालवतात आणि आसपासचे लोक तिला ‘सुभेदारांचं श्वानघर’ एवढेच म्हणतात. सहा फूट उंच जाळीचे कुंपण, आंब्याच्या तीन झाडांखाली बारा खोल्या, मधोमध मोकळे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा एक ढीग, असा सगळा मांड आहे. खोल्यांना पत्र्याऐवजी मंगलोरी कौले आहेत. बेळगावच्या एप्रिलमध्ये या एका गोष्टीसाठी मी त्यांना अर्धे गुण आधीच देऊन टाकले.

चौकशीला गेलो तेव्हा सुभेदारांनी लसीकरणाचे पुस्तक तपासले आणि मुक्काम कधीपासून हवा, ते विचारले. “पंधरा मेपासून,” असे मी म्हणताच ते म्हणाले, “मग सहा तारखेला आणा की ओ सर. एकदम सोडून जायचं न्हाई.” त्यानंतर त्यांनी जो क्रम सांगितला, तो या सेवेचा गाभा आहे आणि इतरत्र मला तो कुठे आढळला नाही. पहिले दोन दिवस मालकाने कुत्र्याला घेऊन यायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि काहीही करायचे नाही. कुत्र्याने हुंगावे, झोपावे, हवे तर मालकाच्या पायाशी बसून राहावे. पुढचे तीन दिवस मालकाने आधी एक तास, मग दोन, मग चार तास दूर जायचे. सहाव्या आणि सातव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुत्रा तिथे ठेवायचा, आठवा दिवस रात्रीच्या मुक्कामाचा आणि नववा दिवस घरी पूर्ण विश्रांतीचा. त्यानंतर खरा मुक्काम सुरू होतो. मधल्या कुठल्याही दिवशी कुत्र्याने खाणे सोडले, तर क्रम एक पायरी मागे जातो, मग मालकाचे आगगाडीचे तिकीट काढलेले असो वा नसो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी कुत्र्यांविषयी काही न सांगता १९६२ सालाविषयी सांगितले. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस असल्याने या वळणाने मला आनंदच झाला, पण ज्यांना घाई असते त्यांनी चहा नाकारून वेळीच उठावे, अशी सूचना इथे करून ठेवतो.

त्यांचा मुद्दा असा होता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला, त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आपल्या पलटणी मैदानी छावण्यांतून उचलून नामका चू नदीच्या खोऱ्यात आणि त्याहून उंचावर नेल्या गेल्या. अंगावर उन्हाळी सुती गणवेश, हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल आणि पाठीवर अपुरी पांघरुणे. विमानातून टाकलेले सामान दऱ्यांत पडून हरवत होते. पण शत्रूची गोळी येण्याआधीच काही जवान फुप्फुसांत पाणी भरून दगावले, कारण विरळ हवेची सवय होण्याइतका वेळ त्यांच्या शरीरांना मिळालाच नव्हता. युद्ध महिनाभर चालले. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि जवळपास ४,००० कैदी झाले.

त्यानंतर सैन्यात जे बदल झाले, त्यांतले मोठे बदल पुस्तकांत सापडतात आणि मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेही आहेत. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचे दुखणे अंगणात तसेच पडलेले असतानाही आमच्या भागातल्या घरांत कौतुकाने म्हटले गेले. १९६४ पासूनच्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य, दहा पर्वतीय डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन असे लक्ष्य ठरले; थ्री-नॉट-थ्रीच्या जागी इशापूरची स्वयंभरण रायफल आली; आपत्कालीन भरतीतून हजारो तरुण अधिकारी तयार झाले. बेळगावजवळच्या हालभावीला ज्यांचे जवान रोज पळताना दिसतात, ते इंडो-तिबेट सीमा पोलीस दलही २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, ऐन युद्धात उभे राहिले.

सुभेदारांना यांतल्या कशाहीपेक्षा एक लहान बदल मोठा वाटतो. युद्धानंतर लष्करी डॉक्टरांनी उंचीवरच्या आजाराचा नेटाने अभ्यास केला. १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे निष्कर्ष १९६९ साली अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज उंचावर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला पायऱ्यापायऱ्यांनी चढवले जाते. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्यांतले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस. त्याहून वर आणखी चार. जनरल असो वा जवान, नियम तोच. “कुत्र्याला पण डोंगरच असतो ओ, नवीन जागा म्हंजे,” असे ते म्हणाले. त्यांच्या नऊ दिवसांतले पहिले दोन दिवस कुठून आले, हे मला तेव्हा उमगले.

आता खेळाविषयी, कारण या श्वानघरातला दिवस खेळातच जातो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते सहा या वेळात कुत्री गटागटाने अंगणात सोडली जातात आणि गट वयावर किंवा आकारावर न पाडता खेळण्याच्या ढंगावर पाडले जातात. कुस्ती खेळणारी वेगळी, पाठलाग करणारी वेगळी, वस्तू तोंडात धरून ओढाओढ करणारी वेगळी. कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग उंच ठेवतो, ते खेळाचे आमंत्रण असते. त्यानंतरचे गुरगुरणे आणि चावे लटके समजायचे. सुभेदार खुर्चीवर बसून पाहतात ते एवढेच, की दोघे आळीपाळीने हरतात की नाही. थोराड लॅब्रेडॉर लहानग्या पॉमेरेनियनसमोर मुद्दाम पाठीवर लोळतो तोवर सगळे ठीक. एकच कुत्रा सतत वर आणि दुसरा सतत खाली राहिला, की शिटी वाजते आणि दोघांना पाणी दाखवले जाते. दोन संध्याकाळी मी घड्याळ लावून बसलो होतो. शिटी चारदा वाजली आणि भांडण एकदाही झाले नाही.

ज्यांना मुक्कामाबरोबर शिक्षणही हवे असते, त्यांच्यासाठी आठ आठवड्यांचा वर्ग आहे. त्याची पद्धतही सैन्यातून आली आहे. त्यांच्याच दलाच्या मेरठच्या केंद्रात १९५९ पासून कुत्र्यांचे प्रशिक्षण चालते आणि स्फोटके हुंगणारा कुत्रा तिथे कसा घडतो, हे ऐकल्यावर माझ्या मनातली शिस्तीची कल्पना बरीच हलली. त्या कुत्र्याला देशाची, सुरुंगाची किंवा पदकाची काहीही माहिती नसते. अमुक वास सापडला आणि आपण गपकन खाली बसलो, की चेंडू मिळतो, एवढे त्याला ठाऊक असते, आणि त्या चेंडूसाठी तो उन्हात तासन्‌तास रस्ता हुंगत जातो. भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, नुसते बसायचे, कारण उकरले तर स्फोट व्हायचा. “चेंडू त्याचा पगार हाय,” असे सुभेदार सांगतात. त्यांच्या वर्गात कुत्र्याला ‘बस’, ‘थांब’ आणि ‘ये’ हे तीनच शब्द शिकवले जातात आणि प्रत्येक शब्दाचा पगार रोख, त्याच क्षणी, खेळाच्या रूपाने मिळतो. पट्ट्याला हिसका देणे आणि ओरडणे बंद आहे. एका मालकाने माझ्यासमोर आपल्या कुत्र्याच्या पाठीत गुद्दा घातला, तेव्हा सुभेदारांनी शिटी वाजवून मालकालाच पाणी प्यायला पाठवले.

चिंगीने मात्र या पद्धतीला पहिल्या आठवड्यात जमिनीवर आणले. मुधोळच्या कुत्र्याचा जन्म नजरेने शिकार धरण्यासाठी झालेला असतो. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी ही जात जोपासली ती सशामागे धावण्यासाठी. चेंडू एकदा थांबला, की चिंगीला तो दगडासारखा वाटतो. मेरठला २०१६ साली मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली गेली, ही बातमी आमच्या भागात मोठ्या अभिमानाने वाचली गेली होती, म्हणून चिंगी तरी झटकन शिकेल असे मला वाटले होते. सुभेदारांनी तीन दिवस चेंडू फेकून पाहिला, चौथ्या दिवशी तो खिशात घातला आणि वेताच्या काठीला दोरी, दोरीला लुगड्याची चिंधी बांधून ती वाळूवरून वेड्यावाकड्या रेषेत ओढली. चिंगी अशी सुटली, की शेजारच्या फडातले उसतोड्ये काम थांबवून कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्या दिवसापासून तिचा पगार चिंधीत ठरला. आता ती ‘थांब’ म्हटल्यावर थांबते. ‘ये’ म्हटल्यावर येते, पण आधी एक वळसा घालून येते. हा वळसा जाणार नाही, असे सुभेदारांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्याच नऊ दिवसांविषयी आहे, ज्यांची मी एवढी स्तुती केली. घरात अचानक दुखणे किंवा मृत्यू आला, तर ही जागा उपयोगाची नाही. जूनमध्ये आमच्या नात्यातल्या एका वृद्धांचे कोल्हापुरात निधन झाले आणि चिंगी ओळखीची असल्याने तिला तासाभरात ठेवून घेतले गेले. पण त्याच सकाळी आलेल्या एका नव्या मालकाला, त्यांच्या घरीही तशीच वेळ असताना, नकार मिळाला. तत्त्व मला कळते, तरी त्या गृहस्थांचा चेहराही मला दिसला होता. अशा प्रसंगासाठी एखादी वेगळी खोली आणि रात्री सोबतीला एखादा माणूस, एवढी सोय त्यांनी करायला हवी.

दुसरी तक्रार पावसाळ्याची. देसूरच्या अंगाला पाऊस शहरापेक्षा दाट पडतो, अंगणाचा चिखल होतो आणि उसाच्या बाजूने गोचिडी येतात. जूनच्या मुक्कामानंतर चिंगीच्या कानामागे दोन गोचिडी सापडल्या. गोचिडीच्या तापाने कुत्री दगावतात, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सुभेदारांनी चूक मान्य केली, औषध स्वखर्चाने दिले आणि कुंपणालगतचा चार फुटांचा पट्टा तणमुक्त केला. तो पट्टा श्रावणात टिकतो का, ते पाहावे लागेल. याखेरीज मोबाइलला तिथे रेंज नाही, त्यामुळे रोजचे छायाचित्र रात्री नऊनंतर, ते मच्छ्याला दूध घालायला गेले की येते, आणि त्यात कुत्र्यापेक्षा अंगठा जास्त असतो.

दर असे आहेत: मुक्कामाचे दिवसाला ४५० रुपये, घरचे अन्न आणून दिल्यास ३८०, ओळखीच्या नऊ दिवसांचे मिळून १,५००, ते एकदाच, आठ आठवड्यांच्या वर्गाचे १२,०००. शहरातल्या दरांच्या मानाने मुक्काम थोडा महाग आणि वर्ग स्वस्त वाटतो. पावती मिळते, ती कन्नडात छापलेली आणि मराठीत हाताने भरलेली असते. मुले बरोबर असतील, तर सुभेदारांना पेडोंगीची गोष्ट सांगायला सांगावे: १९६२ साली सैन्यात आलेले हे मादी खेचर १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती लागले आणि पाठीवरची मशीनगन व दारूगोळ्यासह एकटेच आपल्या ठाण्यावर परत आले. ही गोष्ट सुभेदार उभे राहून सांगतात.

लग्नाहून पाच दिवसांनी परतलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. चिंगी कुंपणापर्यंत धावत आली, तिने माझा हात हुंगला, शेपूट हलवली आणि ती पुन्हा अंगणात गेली, कारण एका करड्या कारवान कुत्र्याबरोबरचा पाठलाग अर्धा राहिला होता. तो संपेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर वीस मिनिटे बसून राहिलो. दिवाळीची नोंदणी ते गणपतीतच घेतात. तारीख सांगताना नऊ दिवस आधीची सांगावी आणि जमल्यास जुने लुगडे बरोबर न्यावे, चिंध्या तिथे सतत कमी पडतात.