इंग्रज चोपदार, दिवसाला 450 रुपये

फोंड्याच्या बाजारात मागच्या गल्लीत एक ड्रेपरीवाला आहे, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणारा. आसपासच्या कितीतरी गावांची जत्रेतली नाटकं त्याच्या ट्रंकांवर उभी राहतात. शिवाजी, औरंगजेब, नारद, काहीही मागा, मापाचं मिळतं. मी मागितला ब्लॅक रॉड.

गॅदरिंगला आमच्या नववीच्या मुलांनी ब्रिटिश संसदेच्या उद्घाटनाचा प्रवेश बसवला होता. नागरिकशास्त्र माझ्याकडे, म्हणून कपडेपटही माझ्याच गळ्यात. ब्लॅक रॉड हा लॉर्ड्सच्या, म्हणजे वरच्या सभागृहाचा अधिकारी. पद चौदाव्या शतकातलं. राजाचं भाषण ऐकायला कॉमन्सच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या खासदारांना बोलवायला तो जातो आणि ते त्याच्या तोंडावर दार आपटतात. 1642 साली पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला शिपाई घेऊन आला आणि थेट सभागृहात शिरला, त्याचा राग अजून पाळला जातो. मग त्याच्या हातातल्या काळ्या काठीचे तीन ठोके, तेव्हा कुठे दार उघडतं. 2018 साली सारा क्लार्क या पदावर आल्या, पहिली बाई. म्हणून आमच्याकडेही एका मुलीलाच उभं केलं.

दुकानदाराने फोटो नीट पाहिला आणि आतून काळा कोट आणला. "बाय, हो चलतलो?" ऐतिहासिक नाटकातल्या गोऱ्या साहेबाचा कोट, पण शिलाई पाहून मी गप्प झाले. पुढची कड तिरकी कापून मागे नेलेली, आत अस्तर, पितळी बटणं एकेक दोऱ्याने गुंडाळून लावलेली. खांदे मुलीच्या मापाला त्याने तिथल्या तिथे टाचून दिले, त्याचे पैसे नाहीत. कोटाला पैकीच्या पैकी गुण.

कमरेखाली मात्र सगळा आनंद. यात त्याचा दोष अर्धाच, कारण आपली नाटकं धोतर नाहीतर सुरवारीत होतात, पोटऱ्या कोण बघतो? पण ब्लॅक रॉड ओळखू येतो तो गुडघ्याखालीच: गुडघ्यापर्यंतची विजार, काळे रेशमी मोजे, बकलवाले बूट. मला मिळाली कापून हेम घातलेली पँट, आणि मोजे म्हणून नृत्याच्या स्पर्धेतले त्वचेच्या रंगाचे टाइट्स. रंगमंचावर मुलगी अर्धी चड्डी घालून आल्यासारखी दिसली असती. काळे मोजे शेवटी मी मडगावहून आणले. गळ्याची झालर पडद्याच्या जाळीची होती. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आजीची क्रोशाची लेस दिली, म्हणून निभावलं.

केसांच्या टोपावरून वाद झाला. इंग्रज म्हटल्यावर पांढरा टोप हवाच, हे त्याचं म्हणणं. ब्लॅक रॉड टोप घालत नाही, आणि कॉमन्सच्या सभापती बेटी बूथरॉइड यांनीही 1992 साली तो नाकारला, हे सांगूनही त्याने एक नायलॉनचा टोप पिशवीत कोंबलाच. फुकट होता, म्हणून घेतला. तालमीत लॉर्ड झालेल्या पोराने तो मिरवला.

आता काठी. खरी आबनुसाची, टोकाला सोन्याचा सिंह. आधी त्याने भालदार-चोपदारांचा रुपेरी सोटा काढला, मुलीपेक्षा वीतभर उंच. नको म्हटल्यावर एक काळी काठी शोधली आणि मोडक्या सिंहासनाच्या हातावरचा सिंह फेविकॉलने वर चिकटवला. दिसायला झकास. दुसऱ्या ठोक्याला सिंह निखळून थेट सभापतींच्या पायाशी गेला. प्रेक्षकांना वाटलं, परंपराच आहे. तिसरा ठोका मुलीने नुसत्या काठीने मारला, अगदी सरळ चेहऱ्याने.

लॉर्डांची वूलसॅक, म्हणजे लोकर भरलेली ती लाल बैठक, दुकानात नव्हती. घरच्या सावरीच्या कापसाच्या गादीला लाल कापड गुंडाळलं. खुद्द तिकडेही 1938 साली बैठक उघडली तर आत घोड्याचे केस निघाले होते, तेव्हा आम्हाला कसली लाज.

भाडं दिवसाला 450, अनामत 1000. अनामतीतून सिंहाचे 100 कापले. मी भांडले नाही, पण फेविकॉल त्याचा होता. जत्रांचा मोसम सुरू व्हायच्या आत जा, नंतर तो फोनही उचलत नाही. आणि मोजे-बूट घरून न्या. निघताना वहीत डोकावले. नेताना "इंग्रज साहेब, 1 नग" लिहिलं होतं. ते खोडून त्याने वर लिहिलं होतं, "इंग्रज चोपदार (बाई)".