नळीवाल्या गोगलगाई: ग्लू, पक्कड, मासा की उपास?

रात्री साडेदहाला समुद्री मत्स्यटाकीचे दिवे मालवले, मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला आणि डावीकडच्या दगडाशी डोळा नेला. दहा मिनिटांपूर्वीच कोरलसाठी, म्हणजे प्रवाळांसाठी, बारीक गोठवलेलं खाणं सोडलं होतं, ते अजून पाण्यात तरंगत होतं. दगडावर कडक शेवेचे तुकडे चिकटवल्यासारख्या नळ्या आहेत. त्यांच्यातून एकेक चिकट, पारदर्शक दोरा बाहेर आला. थोड्या वेळात बंद घराच्या कोपऱ्यासारखी दगडाला कोळिष्टकं लागली. मग दोरे सावकाश आत ओढले गेले, अडकलेल्या खाण्यासकट. वाढलं मी कोरलला, जेवून उठल्या ह्या.

ह्या म्हणजे व्हर्मेटिड गोगलगाई. माझी ७५ गॅलनची रीफ टाकी, म्हणजे कोरल ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, न्यू जर्सीत आहे, तिला पाच वर्षं झाली आणि त्यातली तीन ह्यांच्याशी झटापटीत गेली. ह्या काळात जवळजवळ सगळे उपाय करून झाले. नुकतीच नळ्या दिसायला लागलेल्या माणसाने कुठला उपाय धरावा आणि कुठला सोडावा, हे त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी ओळख पटवा

व्हर्मेटिड ही गोगलगायच, पण चालणं सोडून दिलेली. लहानपणी जागा धरते, कवच दगडाला चिकटवते आणि पुढचा जन्म तिथेच काढते. कवच नेहमीसारखं गोल वळत न जाता वेडंवाकडं वाढत जातं, म्हणून ती किड्याची नळी वाटते. समुद्रात हिच्या बोटाएवढ्या जाडीच्या जाती आहेत. आपल्या टाकीत येतात त्या बहुधा छोट्या, नळीचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं.

गल्लत दोघांशी होते. काचेवर आणि सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या चपट्या चकल्या दिसतात, ते स्पायरॉर्बिड किडे. निरुपद्रवी असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. दुसरे पंखेकिडे. त्यांच्या नळीच्या तोंडाशी पिसारा असतो, हात पुढे नेला की झटकन आत जातो. काही पंखेकिड्यांची नळीही कडक असते, म्हणून नळीवरून निकाल देऊ नका. खाणं सोडून पंधरा मिनिटं बघा. चिकट दोरा दिसला तर व्हर्मेटिड.

बाकीच्या उपद्रवी गोगलगाई वेगळ्या आणि त्यांचे उपायही वेगळे. ट्रायडॅक्ना शिंपल्याच्या कडेला किंवा बुडाशी तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले तर त्या पिरॅमिडेलिड. शिंपला बाहेर काढून टूथब्रशने घासायचा, टाकीत सिक्सलाइन रॅस किंवा पिवळा कोरिस रॅस हा मासा ठेवायचा. झोअँथिड (बटणासारखे मऊ कोरल) मिटलेले राहतात आणि जवळ काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चपटी शंखी फिरते, तर ती सनडायल. रात्री चिमट्याने उचला. ह्या दोघी फिरतात, म्हणून हाती लागतात. व्हर्मेटिड जागची हलत नाही, आणि अवघड नेमकं तेच आहे.

मुळात काही करायलाच हवं का?

मोरेआ बेटाच्या प्रवाळांवर झालेल्या प्रयोगांचा निबंध २०१० साली ‘बायोलॉजी लेटर्स’मध्ये आला होता. मोठ्या जातीच्या व्हर्मेटिडमुळे काही प्रवाळांच्या सांगाड्याची वाढ जास्तीत जास्त ८१ टक्क्यांनी घटलेली दिसली, काहींची जगण्याची शक्यता जास्तीत जास्त ५२ टक्क्यांनी. हे आकडे वाचून मी रात्रभर जागी होते. पण ती जात मोठी आणि तिचं जाळंही मोठं, त्यामुळे आपल्या दोन मिलिमीटरवाल्यांना ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

टाकीत दिसतं ते असं: ज्या कोरलवर दोरे रोज पडतात त्याचे पॉलिप (कोरलचे छोटे फुलासारखे जीव) बाहेर यायला कचरतात. माझ्या माँटिपोराच्या, म्हणजे ताटासारख्या पसरणाऱ्या कोरलच्या, ताटाची एक कड आठ महिने जागची हलली नाही आणि तिच्याखाली चार नळ्या निघाल्या. मागच्या दगडावर, कोरलपासून वीतभर लांब पंचवीस होत्या, त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. म्हणून मोजणी करताना दोन आकडे लिहा: एकूण किती, आणि कोरलला जाळं पोचेल अशा किती. निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा.

ग्लू

नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचं बूच बसवायचं. पाणी आणि खाणं दोन्ही बंद झालं की आतली गोगलगाय मरते. रसायन पाण्यात सोडावं लागत नाही, कोरल हलवावं लागत नाही, खर्च एका ट्यूबचा. कोरलला त्रास देणाऱ्या नळ्या पन्नासच्या आत असतील तर माझं मत सरळ ग्लूला.

पण करून बघितल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी आहेत. घरात असतं ते फेविक्विक पाण्यासारखं पातळ, ते टाकीत पांढरी साय होऊन तरंगतं. जेलच हवं. ग्लूला पाणी लागलं की वरून लगेच कातडी धरते, तेव्हा नुसता ठिपका ठेवून भागत नाही, टोकाने दाबून घोळवावा लागतो. सगळ्यात उत्तम म्हणजे पाणी बदलायच्या दिवशी पातळी खाली आली की उघड्या पडलेल्या नळ्या आधी उरकायच्या. तिथे टिश्यूने टिपून लावलेला ग्लू सुटत नाही. पहिल्या रविवारी मी पंप बंद करून पाऊण तासात चाळीस नळ्या बुजवल्या. दोन आठवड्यांनी सहा ठिकाणी ग्लू उचकटून दोरे पुन्हा बाहेर. सगळ्या पाण्याखाली घाईत लावलेल्या.

ग्लू कोरलच्या मांसल भागाला लागू देऊ नका. आणि नळ्या शंभरावर असतील तर हा मार्ग सोडा. टाकी बघायला येणारे पाहुणे ‘दगडाला एवढा च्युइंगगम कुणी लावला?’ असं विचारतात.

पक्कड

कोरल कटरने नळी मुळापासून तोडायची. सगळ्यात खात्रीचा उपाय, पण तुकडा हातात घेता येत असेल तरच. नव्या फ्रॅगसाठी (कोरलच्या विकत आणलेल्या तुकड्यासाठी) मी हाच वापरते. नळीचा वरचा भाग उडवून समाधान मानू नका. गोगलगाय आत सरकते आणि नळी पुन्हा बांधते. ‘तोडल्यावर वाढतात’ ही समजूत एप्टेशिया ह्या उपद्रवी समुद्रफुलावरून आलेली आहे. तुकड्यातून नवी व्हर्मेटिड होत नाही. मात्र मादी अंडी नळीच्या आतच सांभाळते आणि बऱ्याच छोट्या जातींची पिल्लं रांगत बाहेर पडून शेजारीच जागा धरतात. म्हणून फोडाफोड टाकीत नको, बादलीत करा आणि बादलीचं पाणी मोरीत.

हातमोजे आणि चष्मा हवाच. नळीच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि कपची उडते. त्याच दगडावर पॅलिथोआ (झोअँथिडचा विषारी भाऊबंद) असेल तर जखमेतून विष जाण्याची भीती खरी आहे.

भुंगा गोगलगाय

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची बंबलबी गोगलगाय, एंजिना मेंडिकारिया, ही मांसाहारी. किडे खाते, आणि व्हर्मेटिडच्या नळीत सोंड घालताना मी तिला स्वतः पाहिलं आहे. दुकानदार हिला रामबाण म्हणून विकतो. मी डझनभर आणल्या. चार महिन्यांनी ज्या दगडावर त्या रेंगाळत होत्या तिथल्या बऱ्याच नळ्या रिकाम्या झाल्या. दुसऱ्या दोन दगडांवर काहीच फरक नव्हता, कारण त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. वाळूतले उपयोगी किडेही ह्या सोडत नाहीत. शेकडो नळ्या असतील आणि घाई नसेल तर जरूर ठेवा. चार नळ्यांसाठी आणू नका.

मासे आणि खेकडे

इथे मी फटकळपणे लिहिणार. कॉपरबँड बटरफ्लायची लांब चोच बघून वाटतं, हा एकेक नळी उपसून काढेल. कुणाच्या टाकीत तो तसं करतही असेल. माझ्याकडे त्याने तीन आठवडे पंखेकिडे वेचून खाल्ले, नळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि गोठवलेलं खाणं न धरता गेला. नाजूक आणि महाग माशाला कामगार म्हणून आणू नये, तो तुम्हाला मासा म्हणून हवा असेल तर आणा. वर सांगितलेले रॅस पिरॅमिडेलिडवर चांगले, नळीत दडलेल्यावर नाहीत. हिरवा एमरल्ड खेकडा अधूनमधून नळ्या कुरतडतो म्हणतात. माझा फक्त शेवाळ खातो आणि ताटातला कोळंबीचा तुकडा पळवतो.

उपास

हा उपाय कुणाला आवडत नाही, कारण ह्यात विकत घेण्यासारखं काही नाही. व्हर्मेटिडची वाढ पाण्यात तरंगणाऱ्या खाण्यावर ठरते. ग्लूने चाळीस मारल्या तरी रोज ढगभर खाणं सोडणाऱ्या टाकीत पन्नास नव्या येतात. माझ्याकडे पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं, आणि ग्लू निकामी आहे असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

उपास म्हणजे कोरलला मारणं नव्हे. गोठवलेलं खाणं बारीक चाळणीत धुऊन द्या, त्याचा गढूळ रस टाकीत जाऊ देऊ नका. कोरलला पंप बंद करून बास्टरने (फुगा लावलेल्या लांब पिचकारीने) तोंडाशी भरवा. नंतर पंप सुरू करताना बारीक फिल्टर सॉक लावा आणि दुसऱ्या दिवशी बदला. आणखी एक मजेची गोष्ट: ह्यांचे नर शुक्राणूंच्या पुड्या पाण्यात सोडतात आणि माद्या त्या खाण्याच्याच जाळ्यात पकडतात. बारीक सॉकमध्ये त्यातल्याही काही अडकत असाव्यात. पैज मात्र लावणार नाही.

फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. तोपर्यंत काहीच होत नाही असं वाटतं आणि माणूस बाटलीतल्या औषधाकडे वळतो.

बाटली आणि बादली

तांब्याचं औषध गोगलगाई मारतं, आणि कोरल, कोळंबी, खेकडे सगळ्यांनाच मारतं. रीफ टाकीत त्याचा विषय नको. कोरल बुडवायची डिप द्रावणं चपट्या किड्यांवर चालतात. व्हर्मेटिड झाकण लावून आत बसते आणि डिप संपल्यावर आरामात दार उघडते.

सगळे दगड काढून वाळवणं, ब्लीच करणं हा शेवटचा मार्ग. चालतो, पण दगडातले बॅक्टेरिया जातात आणि टाकीला पुन्हा पहिलीपासून बसावं लागतं. मी एकच दगड बाहेर काढून गॅरेजमध्ये वाळवला. आठवडाभर ससून डॉकची याद येत होती. दगड उकळायचं मात्र मनातही आणू नका. पॅलिथोआ असलेला दगड उकळल्यावर वाफेतून विषबाधा होऊन लोक दवाखान्यात गेलेले आहेत.

मग तुम्ही काय निवडावं

नव्या फ्रॅगवर दिसली: पक्कड, आणि शक्य तर प्लगच (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) फेकून कोरल नव्या प्लगवर बसवा. ह्याहून स्वस्त काही नाही.

कोरलजवळ वीस-तीस आहेत: ग्लू, आणि त्याच दिवसापासून उपास. एक सोडून दुसरं केलंत तर माझं पहिलं वर्ष तुमच्या वाट्याला येईल.

दगड न दगड भरला आहे: आधी उपास, सोबत दहा-बारा भुंगा गोगलगाई, आणि ग्लू फक्त कोरलला टेकणाऱ्या नळ्यांना. सगळ्या जातील ही आशा ठेवू नका.

फक्त मासे आणि मऊ कोरल आहेत, नळ्या मागच्या बाजूला: हात बाहेर काढा आणि चहा प्या.

पुण्याहून भावाने विचारलं, ‘दुकानातला दगड घेऊन ही पीडा येत असेल तर मालवणहूनच आणू का?’ नाही. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. शिवाय समुद्रातला दगड म्हणजे नळ्या नसण्याची हमी नव्हे. फ्लोरिडाजवळ मुद्दाम २००९ मध्ये बुडवलेल्या व्हँडेनबर्ग जहाजावर व्हर्मेटिडची एक जात सापडली, तिचं २०१७ मध्ये थायलाकोडिस व्हँडायेन्सिस असं बारसं झालं. तीही बहुधा पॅसिफिकमधून कुठूनतरी चिकटून आलेली. मी त्याला कोरडा दगड घ्यायला सांगितलं. सुरुवातीला टाकी वर्षभर भुंडी दिसते. त्याची सध्या दिसते आहे, आणि तो रोज फोटो पाठवून तक्रार करतो.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच दगड मोजते, डावीकडचा. उपास सुरू केला तेव्हा तिथे त्रेचाळीस उघड्या नळ्या होत्या, आता अकरा. माँटिपोराच्या अडलेल्या कडेला पांढरी नवी रेघ फुटली आहे, नखाएवढी. काचेला टेकलेल्या मागच्या दगडाच्या पाठीवर किती आहेत, ते माहीत नाही. तिथे हात पोचत नाही.