कळसूबाईचा नाइट ट्रेक: पॅकेजमध्ये नेमकं काय मिळतं?

शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बस, पहाटे शिखरावर सूर्योदय, रविवारी संध्याकाळपर्यंत घर. कळसूबाईची अशी पॅकेजं साधारण हजार ते दीड हजार रुपयांत मिळतात. त्यात बस, चहा-पोहे, उतरल्यावर जेवण आणि ट्रेक लीडर. यातली पैसे मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे बस. वाट दाखवायला माणूस लागतो अशातला भाग नाही. बारी गावातून (ता. अकोले) निघालं की भातखाचरं आणि ओढा ओलांडून पायथ्याचं देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते देवीला इथूनच हात जोडतात. पुढे मळलेली वाट, दगडी पायऱ्या, लोखंडी शिड्या. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.

पण वाट सोपी म्हणून चढ सोपा नाही. जाहिरातीत शिखराच्या उंचीचा, १६४६ मीटरचा आकडा असतो. बारी स्वतःच बऱ्यापैकी उंचावर असल्यामुळे पायांना प्रत्यक्षात लागतात ते त्यातले साडेआठशे-नऊशे मीटर. नेहमी चालणाऱ्याला चढायला तीन तास, नवख्याला चार किंवा जास्तच. मध्ये दम खायला सपाटी फार कमी. माणशी तीन लिटर पाणी हवं, एक बाटली घेऊन आलेले पहिल्या शिडीपर्यंतच संपतात.

शिड्या भक्कम आहेत, धरायला कठडे आहेत. घोटाळा होतो तो गर्दीमुळे. पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात आणि खाली रांग लागते. घामाने भिजलेलं अंग तिथं वाऱ्यात गार पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. लाल चिखल बुटाच्या खाचांत भरतो आणि शिडीच्या पायऱ्यांवर त्याचा थर बसतो. चढताना ते खपून जातं, उतरताना टाच सटकते. म्हणून शिडीला हात घालण्याआधी बूट दगडावर आपटून चिखल झाडायचा आणि तोंड शिडीकडे ठेवून उतरायचं. पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) वाऱ्यात फडफडून पायाखाली येतो, त्यापेक्षा कमरेपर्यंतचं जॅकेट बरं. रात्री जायचं तर डोक्याला बांधायची बॅटरी हवीच. मोबाइलचा टॉर्च धरला की शिडीला एकच हात उरतो. बऱ्याच पॅकेजच्या यादीत नुसतं ‘टॉर्च’ लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही.

सूर्योदयाबद्दल स्पष्टच सांगायचं तर जून ते सप्टेंबर तो बहुतेक वेळा दिसतच नाही. वर ढग असतात, समोरचा माणूस धूसर दिसतो. त्या दिवसांत रात्रभर जागून चढण्यात काही अर्थ नाही, सकाळी उजाडल्यावर निघावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मात्र वसूल. पूर्वेला पट्टा-बितनगड या किल्ल्यांच्या बाजूने उजेड फुटतो, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि खाली भंडारदरा धरणाचं पाणी. हवा स्वच्छ असेल तर रतनगड, हरिश्चंद्रगडही ओळखू येतात.

हिवाळ्यातही एक गोष्ट बुकिंगआधी विचारा: बारीतून किती वाजता निघणार? डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. दीड वाजता चढायला लागणारी बॅच पाचच्या आत वर पोचते आणि दोन तास कुडकुडत बसते. माथ्यावर छोटंसं देऊळ सोडलं तर आडोसा नाही. तीन-साडेतीनला निघणं योग्य. दुसरा प्रश्न: एका लीडरमागे किती जण, आणि सगळ्यात शेवटी कोण चालतं? पुढचा लीडर शिखरावर फोटो काढत असताना मागे गुडघा धरून बसलेल्याकडे कुणी पाहत नसेल, तर त्या लीडरचे पैसे फुकट.

गुण द्यायचे तर शिखराला पाचपैकी पाच. पॅकेजला हिवाळ्यात साडेतीन, पावसाळ्यात दोन, तेही बससाठी.

चार-पाच जण असाल तर पॅकेजची गरजच नाही. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीप ठरवून बारी, आणि जमलं तर आठवड्याचा मधला वार. इंदोरे गावाकडूनही वाट आहे, पण ती जास्त उभी आणि कमी मळलेली. तिकडून जायचं तर गावातला माणूस सोबत घ्या. बारीच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी लिंबू सरबत, ताक, मॅगी मिळते. सगळं सामान डोक्यावरून वर गेलेलं असतं, तेव्हा चार पैसे जास्त पडले म्हणून घासाघीस करू नये. गावात घरगुती पिठलं-भाकरी आणि ठेचा उत्तम, पॅकेजच्या पनीर-पुलावापेक्षा कितीतरी सरस. फक्त चढायच्या आधीच ताटं सांगून ठेवा. उतरल्यावर सांगितलं तर भाकऱ्या थापून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि जीपवाला तेवढा वेळ थांबेलच असं नाही.