राखीव बसमार्गिका: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

नुसती मिनिटं मोजली तर राखीव मार्गिकेचा फायदा बेताचाच वाटतो. फरक पडला तो भरवशात. पूर्वी अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी पाऊण तास आधी निघावं लागायचं, कारण कोंडी कधी होईल याचा नेम नसायचा. आता रोज साधारण तेवढाच वेळ लागतो.

‘मार्गिका तर रिकामीच असते’ ही मोटारवाल्यांची ठरलेली तक्रार. दर मिनिटाला बस आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर दोन बसमध्ये ३३३ मीटर अंतर पडतं. म्हणजे भरपूर वापरातली मार्गिकाही मोकळीच दिसणार. सिग्नल निम्मा वेळ हिरवा असेल तर एका मार्गिकेतून तासाला सुमारे ९०० मोटारी सुटतात. प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला तर १,३५० जण. तेवढ्याच वेळात ६० प्रवाशांच्या ६० बस ३,६०० जणांना नेतात. पण बस दहा मिनिटांनी येत असेल तर हाच आकडा ३६० वर येतो, आणि मग ती तक्रार रास्त म्हणावी लागते. आधी फेऱ्या वाढवायच्या, मग मार्गिकेचा रंग मारायचा. हा क्रम उलटला की योजना बदनाम होते.

कडेच्या मार्गिकेला सर्वांत मोठा ताप उभ्या गाड्यांचा. माल उतरवणारा एक टेम्पो चार मिनिटं थांबला की मागच्या प्रत्येक बसला बाहेरच्या रांगेत घुसावं लागतं आणि वाचलेला वेळ तिथेच जातो. रस्त्याच्या मधोमध मार्गिका नेली की हा त्रास संपतो. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००४ मध्ये मुख्य रस्त्यांवर तेच केलं. मात्र थांब्यावर पोहोचायला मग रस्ता ओलांडावा लागतो. पादचाऱ्यांचा सिग्नल नसेल तर ती सोय नव्हे, धोका आहे.

वेळेची खरी गळती थांब्यावर आणि सिग्नलवर होते. एकाच दारातून, आत तिकीट काढत, माणशी तीन सेकंद लागले तरी वीस जण चढायला पूर्ण मिनिट जातं. तिकीट आधीच काढून दोन्ही दारांनी चढलं तर तो वेळ जवळपास निम्मा होतो. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर दुहेरी फटका: हिरवा असताना माणसं चढतात, दार बंद होतं तोवर लाल. बस येताना दिसली की हिरवा दिवा पाच-दहा सेकंद लांबवणारी यंत्रणाही अशा ठिकाणी फसते, कारण बस थांब्यावर किती वेळ उभी राहील हे तिला कळत नाही. थांबा चौकापलीकडे हलवणं हा स्वस्त आणि हमखास उपाय. तिथे १२ मीटरच्या दोन बस मागेपुढे उभ्या राहतील एवढी जागा हवी, नाहीतर दुसरीचं शेपूट चौकात अडकतं.

एकापाठोपाठ दोन बस येणं मार्गिकेनेही पुरतं थांबत नाही. पुढची जरा उशिरा पोहोचली की थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना घेताना ती आणखी मागे पडते, आणि मागची जवळपास रिकामी बस तिला गाठते. दहा मिनिटांनी नीट येणाऱ्या बससाठी सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. जोडीने येऊ लागल्या की बस तेवढ्याच असूनही दहा. म्हणून मागच्या बसला मधल्या थांब्यावर एक-दोन मिनिटं रोखतात. आत बसलेले कुरकुरतात, पण रोखणंच बरोबर.

मोटारी कमी होतील या आशेने कोणी ही सोय आणत असेल, तर एकट्या बसवर विसंबू नये. स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये बससेवा वाढवली, तेव्हा मोटारींवर फारसा परिणाम दिसला नाही. जानेवारी २००६ मध्ये चाचणी म्हणून गर्दीशुल्क, म्हणजे शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या मोटारींवरचं शुल्क, लागू झालं आणि शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. शुल्क उठताच बरीचशी परतली. २००७ मध्ये ते कायमचं लागू झालं.

रात्रीच्या वेळी मात्र ही सोय अजून अपुरी आहे. तेव्हा मार्गिका मोकळीच असते, अडतं ते फेऱ्यांपाशी. बस अर्ध्या तासाने असेल आणि बदलायचीही असेल, तर पहिली बस तीन-चार मिनिटं लेट झाल्यावर पुढची हुकते. अशा वेळी दोन्ही मार्गांच्या बस एकाच थांब्यावर एका वेळी आणून, दुसरीला तीन-चार मिनिटं थांबवायला हवं.